कोरडं बोट

गीझरच्या नळाला हात लावला की बोटांत मुंग्या येत. माझी सव्वा वर्षाची लेक आंघोळीच्या वेळी त्याच नळाला लोंबकळते, म्हणून दोन दिवस मी तिला नुसतं ओल्या फडक्यानं पुसलं आणि वायरमनला बोलावलं. सासूबाईंचं म्हणणं, मला उगाच भास होतात.

वायरमन आला तो तोंडात तंबाखूचा तोबरा घेऊन. नुकत्याच घासलेल्या फरशीवर त्याच्या रबरी चपलांचे काळे ठसे उमटले. लेकीच्या टबाशेजारच्या मोरीत तो पचकन थुंकला. मग कान खाजवलेलं बोट त्यानं तसंच नळाला टेकवलं, आणि म्हणाला, काही नाही. वहिनी फार शिकलेल्या, त्यांना जरा जास्तच जाणवतं. सासूबाई हसल्या.

मी सांगून पाहिलं. तुमचं बोट कोरडं, घट्टे पडलेलं, पायांत रबर. एवढा अडथळा असला की करंट नावापुरताच जातो. पोर ओलीचिंब आणि अनवाणी. व्होल्टेज तेच, अडथळा कमी, म्हणजे करंट तितक्याच पटीनं जास्त. कॉलेजात हे गणित मी शंभरदा सोडवलं असेल. त्यात माझी लेक कधी नव्हती. तो म्हणाला, पुस्तकातली वीज वेगळी.

"चप्पल काढा," मी म्हटलं. "हात ओला करा आणि धरा नळ."

त्यानं चप्पल काढली नाही. मेन स्विच बंद केला, गीझरचं झाकण उघडलं. आत झुरळांच्या लेंड्या, तेलकट धूळ, आणि टेपमध्ये गुंडाळलेली, तोडलेली अर्थिंगची हिरवी वायर.

"गेल्या वर्षी मीच तोडली," तो सासूबाईंना म्हणाला. "गीझर लावला की मेनचं बटण सारखं पडतंय, एकदाचं थांबवा म्हणालात ना?"

बटण पडत होतं ते आत गळणारी वीज त्या वायरीतून जमिनीत जात होती म्हणून. वायर तोडल्यावर तिला वाट उरली ती आमच्या अंगातून. वर्षभर.

दहा मिनिटांत जोडतो म्हणाला. मी गीझरच उतरवायला लावला.

तो गेल्यावर मोरी तीनदा घासली. तंबाखूचा वास जाईना. पाणी गॅसवर तापवलं. लेकीनं सवयीनं भिंतीतल्या नळाकडे हात नेला. गीझर नव्हता, शॉकची भीतीही नव्हती. तरी सासूबाईंनी माझ्याआधी तिचा हात ओढला.