कागदी दारापलीकडचा आवाज

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमधली सगळ्यात स्वस्त राहायची जागा तनयाने घाईत बुक केली, तेव्हा ती जपानी पद्धतीच्या घरात आहे हे तिने नीट वाचलंही नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी आखनहून गाड्या बदलत ती तिथे पोहोचली. दार उघडणाऱ्या साठीच्या बाईंनी नमस्काराच्या आधी तिच्या बुटांकडे बोट दाखवलं. बूट इथेच, दाराशी काढायचे. वर यायचं ते नुसत्या मोज्यांवर.

त्या योको. त्यांचे जर्मन यजमान सुतार होते. तरुणपणी जपानमध्ये राहून ते काम शिकले, आणि परत आल्यावर गावाच्या कडेला, जंगलाला लागून, त्यांनी हे घर स्वतः बांधलं. ते गेल्यावर योकोंनी त्याचं होस्टेल केलं. खोल्यांमध्ये पलंग नव्हते. जमिनीवर जाड गवती चटया, त्यांवर झोपताना अंथरायच्या गाद्या, आणि दोन खोल्यांच्या मधे भिंतीऐवजी लाकडी चौकटीत कागद लावलेली सरकती दारं. पुरुषांची खोली पलीकडे, बायकांची अलीकडे.

तनया आखनच्या विद्यापीठात काचेवर पीएचडी करत होती. कायझर्सलाउटर्नला ती आली होती एका मुलाला भेटायला. गुरुदत्त बॉबलिंगेनला सॉफ्टवेअर कंपनीत होता. मावशीने स्थळ सुचवलं, व्हिडिओवर दोनदा बोलणं झालं, आणि निम्म्या वाटेवर म्हणून हे गाव ठरलं. शनिवारी अकराला इथल्या जपानी बागेत भेटायचं होतं. आदल्या दिवशीच येतेय हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. उगाच जास्त उत्साह दिसला असता. तसा उत्साह नव्हताही. दुसऱ्या कॉलवर तिने मोकळेपणाने सांगितलं होतं, की तिचा मोठा प्रयोग फसला, सगळं पुन्हा करावं लागणार. त्यावर हा माणूस हसून म्हणाला होता, "अरे वा, अभिनंदन." एकदा भेटू, आणि मावशीला सभ्यपणे नाही कळवू, असं तिने जवळजवळ ठरवलंच होतं.

सकाळी खोलीतल्या बाकीच्या बायका सायकली घेऊन निघून गेल्या. तनया गादीची घडी घालत होती, तेवढ्यात कागदी दारापलीकडून खणखणीत मराठी ऐकू आलं.

"आई, आत्ताच अंघोळ करून आलोय, कानाचं मशीन चार्जिंगला आहे. फोन स्पीकरवर ठेवलाय. मोठ्याने बोल."

आवाज गुरुदत्तचा होता. तनयाच्या हातातली गादी हातातच राहिली.

"म्हटलं, कानाचा विषय आज काढू नकोस," त्याची आई म्हणाली. "पहिल्या भेटीत असलं कोणी सांगत नाही. आधी गप्पा मारा, मग पुढचं पुढे."

"मग कधी सांगू? अंतरपाटाच्या आडून?"

"चेष्टा नको करू, गुरू."

"चेष्टा नाही. तुझं ऐकून व्हिडिओवर मशीन काढून बसलो. ती इतकं मनापासून बोलत होती, आणि मी आपला अंदाजाने मान हलवत होतो. आज भेटल्याबरोबर सांगणार आहे. नको म्हणाली तर म्हणू दे."

"तुला वाईट वाटेल रे. म्हणून म्हणते."

"वाटेल थोडं," तो म्हणाला.

फोन बंद झाला. तनया गादीवरच बसली. गुपचूप बाहेर पडून अकराला बागेत उभं राहता आलं असतं. पण मग तो सांगणार, आणि तिला पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करावा लागणार. ते तिला जमलं नसतं, आणि करावंसंही वाटेना. ती उठली आणि दाराच्या चौकटीवर टकटक केली. पलीकडून काहीच नाही. पुन्हा केली. मग तिच्या लक्षात आलं की त्याला ते ऐकूच येणार नाही.

दोन्ही खोल्या मागच्या लाकडी ओसरीवर उघडत. ती तिथे जाऊन थांबली. टॉवेल वाळत घालायला गुरुदत्त बाहेर आला, आणि तिला बघून जागीच थबकला. तिने हात हलवला. त्याने एक बोट वर करून 'एक मिनिट' अशी खूण केली, आत गेला, आणि मशीन कानात बसवत तसाच तिच्यासमोर आला.

"तुम्ही इथे?"

"सगळ्यात स्वस्त हेच होतं."

"मी पण त्यासाठीच."

"मी पलीकडच्या खोलीत होते," तनया म्हणाली. "तुमचं बोलणं ऐकलं. मुद्दाम नाही, पण कान झाकूनही नाही घेतले."

त्याने वळून कागदी दाराकडे बघितलं. "सगळं?"

"अंतरपाटासकट."

तो लाल झाला आणि ओसरीच्या कडेला बसला. "मग आता मी काय सांगणार?"

"तरी सांगा. मला तुमच्याकडून ऐकायचंय."

त्याने सांगितलं. लहानपणी गालगुंड झालं, त्यात उजवा कान गेला. डाव्या कानाने गेल्या काही वर्षांत कमी ऐकू येऊ लागलं, म्हणून मशीन. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. मीटिंगमध्ये बोलणं स्क्रीनवर लिहून यायचं. लपवाछपवी फक्त लग्नाच्या बाबतीत चालली होती.

"आणखी कमी होईल?"

"होऊ शकतं. डॉक्टर नक्की सांगत नाहीत."

"मला याची भीती वाटतेय की नाही, ते आत्ता मला माहीत नाही," ती म्हणाली.

"हे बरंय. 'काही हरकत नाही' म्हणाला असतात तर मला विश्वास बसला नसता."

"आता एक मी विचारते. माझा प्रयोग फसला, तर तुम्ही अभिनंदन का म्हणालात?"

"फसला होता?"

"पूर्ण."

"तुम्ही शेवटी हसलात ना. मला वाटलं, जमला."

ती हसत सुटली. तोही हसू लागला. आवाज ऐकून योकोंनी स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. "म्हणजे, तुम्ही एकमेकांना ओळखता?"

"हो," तनया म्हणाली. "नाही," गुरुदत्त म्हणाला. दोघं एकाच वेळी.

नाश्त्याला भात, गरम सूप आणि मुळ्याचं लोणचं होतं, जर्मन पाहुण्यांसाठी पावही. ठेंगण्या टेबलाशी मांडी घालून बसायचं होतं. कुठल्या बाजूला बसू, असं तनयाने सरळ विचारलं, आणि ती त्याच्या डाव्या हाताला बसली. भाडं कमी म्हणून इथे केर काढणं, भांडी घासणं पाहुण्यांकडेच असे. दोघांच्या वाट्याला आधी ओसरी पुसणं आलं. गुरुदत्त म्हणाला की हॉटेलात आणि पार्टीत त्याला शब्द शब्द वेचावे लागतात, तेवढ्यानेच दमायला होतं. इथे रस्ता दूर, गाणी नाहीत, म्हणून तिचं सगळं कळत होतं. तनयाला वाटलं, कळत असलं की हा किती बोलतो. आणि गमतीदारही बोलतो. फडकी पिळेपर्यंत दोघं कधी 'तू'वर आली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. अकरा केव्हाच वाजून गेले होते.

दुपारी त्याच्या आईचा पुन्हा फोन आला. त्याचे हात साबणाने भरले होते, म्हणून तनयाने उचलला.

"काकू, मी तनया."

पलीकडे मनोरमाकाकू एकदम सावध झाल्या. "सांगितलं का त्याने?"

"सांगितलं."

"मग?"

"मग काही नाही. आम्ही भांडी घासतोय."

काकूंनी जेवलात का तेवढं विचारलं आणि फोन ठेवला.

गुरुदत्त त्याच संध्याकाळी परत जाणार होता. त्याने योकोंकडे आणखी एका रात्रीसाठी जागा मागितली. बाग दोघांनी रविवारी पाहिली, गाडीच्या वेळेपर्यंत जेमतेम.

पुढे घाई कुणीच केली नाही. उन्हाळाभर तो आखनला येत राहिला, ती बॉबलिंगेनला जात राहिली. एकदा ती त्याच्याबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे गेली आणि मनातले सगळे प्रश्न विचारून आली. सगळ्यांची उत्तरं मिळाली नाहीत, पण परतीच्या बसमध्ये तिला हलकं वाटत होतं. भांडणंही झाली, तो न ऐकताच हो म्हणतो यावरून एक मोठं झालं. दिवाळीनंतर दोघांनी आपापल्या घरी होकार कळवला. मनोरमाकाकूंनी आधी रडून घेतलं, आणि मग हॉल कुठल्या महिन्याचा बघायचा ते विचारलं.