पॅकिंगची दोरी

“हलू नकोस. चपलेपाशी बघ,” अडीच म्हणाला.

सापसुरळी होती. उन्हात तांब्याच्या तारेसारखी चकाकली आणि गवतात शिरली. अडीचने माझा दंड घट्ट धरला होता, कारण मान खाली घातली की मला अजून भोवळ यायची. न्यूमोनियाने तीन आठवडे दवाखान्यात आडवं पाडलं होतं. सुटताना डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी अर्धा तास चाला, भरभर नाही, काहीतरी बघत बघत. मग अडीचनेच ठरवून टाकलं, कालव्याच्या काठाने जायचं आणि सरपटणारे प्राणी बघायचे.

“सरडे बघत फिरायला मी काय पाळण्यातलं पोर आहे?” मी पहिल्याच दिवशी खेकसलो होतो.

“पाळण्यातलं पोर निदान पुढे चालायला लागतं. तुझं काही खरं नाही,” तो म्हणाला होता.

अडीच म्हणजे पंपघरातला माझा जोडीदार. उजव्या हाताला अंगठा, करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट, एवढाच ऐवज. नाव त्याने स्वतःच पाडून घेतलेलं. चार माणसं जमली की हात वर करून त्याची गोष्ट सुरू व्हायची. “पंपाखाली साप, त्याच्या तोंडापाशी माझा हात, आणि या पठ्ठ्याने पान्याने सापाचं डोकं ठेचलं. त्याच पान्याखाली बोटं गेली, पण जीव वाचला.” मग सगळे माझ्याकडे बघायचे. मी एकतीस वर्षं खाली मान घालून बसलो, आणि लोक म्हणत राहिले, बघा, किती साधा माणूस आहे.

साधा कसला, डोंबल. माझा हात आधी चालतो, डोकं मागून येतं.

दवाखान्यात माझं भांडं धरायलासुद्धा हाच बसला होता. त्या अडीच बोटांनी. तापात मी काय काय बरळलो देव जाणे, पण शुद्धीवर आलो तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात कुरतडत होती. मरायच्या आधी याला सांगायचं. आणि सांगितलं की हा माणूस आपल्याला उरणार नाही, हेही कळत होतं. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज गिळायचो.

त्या दिवशी दगडावर दोन कासवं ऊन खात होती. एक सरडा लाल गळा फुगवून आमच्याकडे बघत डोकं हलवत होता. अडीच हसला, “साहेब आलेत बघ पाहणीला.” मलाही बरं वाटलं. छाती जरा मोकळी झाल्यासारखी वाटली.

तेवढ्यात वाटेवर धामण आली. चांगली सहा फुटी, पिवळसर, आपल्याच तंद्रीत कालव्याकडे निघालेली. अडीचचा हात माझ्या दंडावरून सुटला.

काठी म्हणून तो लोखंडी सळई घेऊन फिरायचा. साप दिसला की तो माणूसच राहत नसे. त्याची एक ठरलेली पद्धत होती. दोन घाव पूर्ण आणि एक अर्धा, गेलेल्या प्रत्येक बोटाचा हिशेब. लोक याला हसायचे. मीही हसलेलो आहे.

“हा पहिल्या बोटाचा,” म्हणत त्याने डाव्या हाताने सळई हाणली. धामणीची पाठ मधोमध मोडली. पुढचा अर्धा भाग पळायला बघत होता आणि मागचा जागीच राहिला होता. ती सळईला विळखा घालू लागली. त्याने झटकून ती आपटली, कातडी फाटली, आतलं पांढरं दिसलं.

“सोड तिला. धामण आहे, बिनविषारी,” मी म्हणालो.

“आधी मार, मग ओळख. पंपघरात तूच शिकवलंस की.” तो धापा टाकत होता. “हा मधल्या बोटाचा.”

रक्ताचा शिंतोडा माझ्या पायजम्यावर उडाला. धामणीचं तोंड उघडून मिटत होतं. त्याने अर्ध्या बोटासाठी सळई उचलली.

“साप नव्हता,” मी म्हणालो.

“काय?”

“त्या दिवशी पंपाखाली साप नव्हता रे. पॅकिंगची दोरी होती.”

त्याला समजावायची गरज नव्हती. पंपाच्या दांड्याभोवती पाणी गळू नये म्हणून ग्रीस माखलेली दोरी ठासतात. जुनी झाली की ती काळी होते आणि आकड्याने ओढून काढावी लागते. तो पंपामागे आडवा पडून ती ओढत होता. मी दारातून आलो तर ओल्या फरशीवर काहीतरी काळं वळवळताना दिसलं. हातात पाना होता. घातला.

“मग तू ओरडलास, साप होता का रे, साप होता का. मी हो म्हणालो. दोरी खालच्या हौदात फेकून दिली.”

त्याने आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला.

“मी पहिल्याच घावाला ओरडलो होतो ना?”

“हो.”

“तुला ऐकू आलं होतं?”

“आलं होतं. वाटलं, तुला डसला. म्हणून अजून जोरात घातला.” “पहिल्याने एकच बोट गेलं होतं रे. बाकीचं दुसऱ्याने गेलं.”

त्याने सळई टाकली आणि डाव्या हाताने माझ्या तोंडावर ठोसा मारला. मी चिखलात बसलो. त्याने गळपट्टी धरून उठवलं आणि पुन्हा मारला. वरचा दात ओठात घुसला. छातीत लाथ बसली तेव्हा खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. मी हात वर केला नाही. खरं सांगतो, एकतीस वर्षांत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, आणि त्याचीच मला लाज वाटली.

श्वास मिळेना म्हणून मी गवत उपटायला लागलो. तो चालू लागला होता, वळणापर्यंत गेला. मग परत आला. माझी बगल धरून त्याने मला उभं केलं, आणि अख्खी वाट ओढत घरी आणलं.

दार उघडताच बायको माझं तोंड बघून किंचाळली.

“पडला कालव्यापाशी,” अडीच म्हणाला. “उद्यापासून तुम्हीच नेत जा, वहिनी. मला जमणार नाही.”

“अहो भावजी, निदान चहा तरी घ्या.”

“नको,” म्हणून तो गेला.

बायकोला मी सगळं सांगितलं. ती माझा फुटलेला ओठ पुसत राहिली. चार दिवस वाट बघून ती स्वतःच त्याच्या घरी जाऊन आली. त्यांच्या सुनेच्या माहेरची माणसं जमली होती म्हणाली. कुणीतरी बोटांचं विचारलं, आणि भावजींनी गोष्ट सांगितली.

“काय सांगितलं?”

“नेहमीचंच. पंप होता, अंधार होता, मोठा साप होता.” ती विळी पुढे ओढत म्हणाली. “फक्त तुम्ही नव्हता. बोटं पंपात सापडली, आणि तशातही साप त्यांनी एकट्यानेच मारला.”

मी विचारलं, “कुठल्या हाताने?”

“डाव्या,” ती म्हणाली, आणि भाजी चिरायला बसली.