देवीच्या गावाआधी वजा

"मामी, इथं विनवण्या करायच्या नसतात. जे नक्की ठाऊक आहे तेवढंच लिहा."

श्रीविद्याचं हे सांगणं मला आजही शब्दन् शब्द आठवतं.

मी एक जुना कळफलक आहे, मित्रांनो. संगणकावर लिहायचं ते माझ्यावर बोटं ठेवून. कुंभकोणच्या एका टायपिंग वर्गात मी आठ वर्षं राबलो. तिथले राजगोपाल सर म्हणायचे, "याच्याकडून शिका. दिवसभर मार खातो, पण कुरकुर नाही!" मग नवी यंत्रं आली आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. वर्गात शिकवणाऱ्या श्रीविद्यानं मला उचलून तिच्या मामींच्या घरी आणलं. कामाक्षीमामी देव पुसून झाले की मलाही कोरड्या फडक्यानं पुसत. इतका मान मला आधी कुणी दिला नव्हता.

त्या गुरुवारी दुपारी मामी माझ्यापुढे बसल्या, तेव्हा त्यांची बोटं गार होती. सासूबाईंच्या, म्हणजे अंबाबाईंच्या डोळ्यांसाठी त्यांनी वर्षभराच्या शुक्रवारांचं व्रत धरलं होतं. डोळे बरे झाले. दुसऱ्या दिवशी शेवटचा शुक्रवार, व्रताचा दोरा सोडायचा दिवस होता. पण मनगटावरचा दोरा शेजारच्या अलमेलूनं बांधला होता, आणि या घरची रीत अशी की ज्या हातानं बांधला त्याच हातानं सोडायचा. तसा शब्द देऊनच मामींनी हात पुढे केला होता. अलमेलू तर दहा महिन्यांपूर्वी घर सोडून गेलेली. फोन बंद. ती पितळी दिव्यांना पॉलिश करायची, म्हणून दिवे घडवणाऱ्या नाचियार्कोविल गावात विचारून झालं. तिथं कुणाला पत्ता नव्हता. नवऱ्याच्या नावावरून शोधावं, तर ते तिनं कधी उच्चारलं नाही, मामींनी कधी विचारलं नाही.

मामींनी माझ्यावरून इंटरनेटच्या शोधचौकटीत लिहिलं, 'श्री. नमस्कार. आमची अलमेलू कुठे आहे ते कृपा करून कळवावे.'

उत्तरादाखल पडद्यावर तिरुपतीच्या देवी अलमेलूमंगेची स्तोत्रं उतरली. पानांमागून पानं.

श्रीविद्या हसली आणि ते वर सांगितलेलं बोलली. मग समजावलं, "नाव आणि काम तमिळमधे लिहा, दोन्ही अवतरणचिन्हांत बांधा, म्हणजे शब्द जसाच्या तसा शोधला जातो. पुढं फाइलटाइप, कोलन, पीडीएफ. याद्या, अहवाल तशाच कागदांत असतात. आणि जे नको त्याच्याआधी वजाची खूण."

अलमेलू, कुत्तुविळक्कु म्हणजे समई, पीडीएफ. एवढं लिहिलं तरी दीपपूजेच्या पोथ्याच आल्या.

"आता वजा पूजा, वजा स्तोत्र, वजा तिरुपती," श्रीविद्या म्हणाली.

मामींचं बोट माझ्या वजाच्या कळेवर जेमतेम टेकलं. मी सगळ्यांचे मार सोसलेत, पण इतका हलका स्पर्श नव्हता सोसवत. त्यांनी डोळे मिटले, देवीची क्षमा मागितली, आणि लिहिलं. पुन्हा पोथ्याच! तीनदा लिहिलं, तीनदा पोथ्या.

"मामी! वजानंतर जागा सोडलीत. चिकटवून लिहायचं, नाहीतर संगणकाला कळतच नाही."

"देवीच्या गावाला, पूजेला वजा चिकटवू? नको गे."

झोपाळ्यावरून अंबाबाई बोलल्या, "चिकटव. माझे डोळे दिले तिनं, आता एका रेघेवरून रुसेल होय? गर्दीत आपण नाही का म्हणत, जरा सरका, आमचं माणूस मागं आहे?"

मामी उठल्या. हात धुऊन आल्या. पुन्हा बसल्या. या वेळी कळ ठासून दाबली. वजा आणि शब्द यांच्यामधे केसाएवढीही फट त्यांनी ठेवली नाही.

चार कागद आले. तिसरा तिरुविडैमरुदूर गावच्या एका महिला गटाचा अहवाल होता. त्यात फोटो होता. डोळे बारीक करून समई घासत बसलेली बाई. खाली लिहिलं होतं, अलमेलू, पॉलिश शिकवतात.

"हीच गे!" मामी एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, माझी आता काही अक्षरं पुसली आहेत आणि एक कळ अडकते. तरी सांगतो. आम्हा जुन्यांना टाकू नका, आणि आमच्यापुढे बसाल तेव्हा मोघम विचारू नका. काय हवं ते जाणा, काय नको तेही धीरानं सांगा. मग एकदा नाही मिळालं तर दहादा विचारा.

शुक्रवारी पहाटे अंबाबाईंनी विचारलं, "अहवाल कधीचा गे? तिथं नसली तर?"

"तर तिथून पुढं कुठं गेली ते विचारीन, आत्याबाई."

मामींनी डब्यात गोड पोंगल भरला, पिशवी खांद्याला लावली, वहाणा हातात घेऊन उंबरा ओलांडला. बाहेर जाऊन त्या घातल्या, आणि तिरुविडैमरुदूरच्या पहिल्या बससाठी चालू लागल्या.