सासर ना माहेर

"वहिनी, माझं एक मागणं आहे."

एकोणीस वर्षं झाली, तरी तो आवाज आकोइयाच्या कानातून गेला नव्हता. भर दुपारी केतकीच्या झाडापलीकडून आला होता. गोड, थोडा दमलेला. नणंद बेनावा दारात उभी होती, काखेत नवी विणलेली इवलीशी चटई. आकोइयाच्या मांडीवर नऊ महिन्यांची तेबोरा नारळाचा तुकडा चोखत होती. आकोइयाचा नवरा दूरच्या जहाजावर खलाशी. बेनावाची कूस रिकामी. मागणं काय ते सांगावं लागलंच नाही. त्या चटईत गुंडाळून तेबोरा गेली.

नूकामाओ या बेटावरच्या गावात 'माझं एक मागणं आहे' हे चार शब्द कुणी उच्चारले की समोरच्याने द्यायचं असतं. याला बुबुती म्हणतात. सदरा मागितला, सदरा मिळतो. होडी मागितली, होडी मिळते. उद्या तुम्ही त्याची कढई मागा, तीही मिळते. त्यामुळे गावात कुणी श्रीमंत नव्हतं आणि कुणी उपाशीही नव्हतं. 'नाही' म्हणणारा माणूस मात्र गावाने कधी पाहिला नव्हता, जसं हिम पाहिलं नव्हतं. असतं म्हणे कुठे कुठे.

तेबोरा दहा माड पलीकडे वाढली. रस्त्यात भेटली की "मामी, बरी आहेस ना?" म्हणून हसायची. आकोइया मान हलवायची. त्या दिवसापासून तिने बेनावाकडे चिमूटभर मीठसुद्धा मागितलं नव्हतं. मागायला तोंड उघडलं तर एकच गोष्ट बाहेर पडेल, अशी तिला धास्ती होती. मग हळूहळू तिचं बोलणंच आटलं.

त्यात पाऊसही आटला. विहिरींचं पाणी खारट झालं. पाण्याचं जहाज राजधानी तारावाहून यायचं ते त्याच्या मर्जीने. तेव्हा गावच्या मानेआबात, म्हणजे त्या अवाढव्य सभाघरात, सगळ्यांत म्हातारे तोकाताके आजोबा म्हणाले, "आपला घसा, आणि वाट बघायची दुसऱ्याच्या बोटीची? टाकी बांधू. आपली आपण."

गाव उठलं. बायकांनी चटया विणून विकल्या, पुरुषांनी सुकं खोबरं बोटीवर चढवलं, सिमेंट आलं. आणि सिमेंटपाठोपाठ मागणीही आली. एकाला आईच्या थडग्यासाठी अर्धं पोतं, एकाला डुकरांच्या कुंपणासाठी एक, एकाला नुसतंच, सिमेंट कसं असतं ते घरात ठेवून बघायला. टाकी ठरली होती दहा हात उंच. मागण्यांतून उरली ती सहा हातांची. पण बांधली. सभाघराच्या पत्र्यांवरून पन्हळ सोडली, आणि एकाच आठवड्याच्या पावसाने टाकी गळ्यापर्यंत भरली. मग आकाशाने पुन्हा पाठ फिरवली.

"आता हे पाणी उन्हाळाभर पुरवायचं," आजोबा म्हणाले. "तोटीला कुलूप घातलंय. किल्लीशी एक माणूस बसवू. नाही म्हणणारा."

बायकांनी पदर तोंडाला लावावा तसे पंखे तोंडाला लावले.

"तिओनेला बसवा," मागून कुणीतरी म्हणालं. "त्याच्याइतका चिकट माणूस या बेटावर झाला नाही."

"परीक्षा घेऊ," म्हणून आजोबा सरसावले. "तिओने, माझं एक मागणं आहे. तुझा चष्मा दे."

तिओनेच्या कपाळावर घाम फुटला. "न..."

"बोल, बोल, येतंय!" अख्खी सभा गुडघ्यांवर उठली.

"न... नवा आहे हो," तिओने रडवेला होऊन म्हणाला. "घ्या. काचा तेवढ्या जपा."

मग तीन दिवस सराव झाला. जोड्या पाडल्या: एकाने मागायचं, दुसऱ्याने नकार द्यायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गावातली एकूण एक वस्तू दुसऱ्याच्या घरात होती, आणि आपण कुणाची हे डुकरांनाही कळेना. सराव घेणाऱ्याकडे राहायला घर उरलं नाही.

शेवटी आजोबांची नजर आकोइयावर गेली. "हिला द्या. जी बोलतच नाही, ती 'हो' तरी कशी म्हणेल?"

हे सगळ्यांना पटलं. आकोइयाने किल्ली घेतली, पण आपल्या कारणाने. तेबोरा पोटुशी होती. ऐन टंचाईत दिवस भरणार होते. बाळंतिणीच्या तोंडी खारं पाणी पडू द्यायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं. आईपणाचं तेवढंच तिच्या वाट्याला उरलं होतं.

पहिल्या दिवशी अकरा जण आले. तिने न बोलता अकरा घागरी भरून दिल्या. टाकी वीतभर उतरली. आकोइया टाकीला टेकून रडली.

दुसऱ्या दिवशी तिओने चाचपडत आला. चष्मा अजून आजोबांकडेच होता. "रोज रोज पाण्याला कोण येणार बाई? माझं एक मागणं आहे. किल्लीच दे."

दिली. पण तोटी गाठण्याआधीच वाटेत त्याला सासू भेटली. "जावईबापू, माझं एक मागणं आहे." किल्ली सासूकडे. सासू वळते तोच तिचा भाऊ. भावाला शेजारीण. शेजारणीला माडावर माडी उतरवणारा. त्याने वरूनच मागितली, आणि ती दोरीला बांधून वर गेली. गावाला एकदम साक्षात्कार झाला, की घागरभर पाणी मागण्यापेक्षा किल्ली मागावी. आणि टाकी गावाच्या मधोमध. कुणालाही न भेटता तिच्यापर्यंत पोहोचणं कुणाच्या बापाला जमणारं नव्हतं. किल्ली खेकड्यासारखी आडवीतिडवी पळत राहिली. पाणी थेंबभर हललं नाही.

आजोबांनी टाकीत काठी घालून पाहिली आणि चष्मा पुसला, तिओनेचा. लगेच ठराव झाला: किल्ली एका जागी राहता कामा नये, मागितल्याशिवाय ती हलताही कामा नये. दर शनिवारी ज्याच्या हातात असेल त्याने सगळ्यांदेखत तोटी उघडायची, घरटी एक घागर. अडल्या-नडल्याने मधे मागितली, तर टाकीपर्यंत त्याची वाट अडवायची नाही.

बायकांनी चटया विणताना गाणंही रचलं:

किल्ली गं बाई माझी, हिंडते दारोदारी
सासर ना माहेर तिला, टाकी राहिली पुरी

आकोइया ते गाणं मनातच म्हणायची. दुसऱ्या ओळीपाशी तिचा हात अडायचा आणि केतकीची पाती तुटायची.

तारावाहून एक साहेब ही व्यवस्था बघायला आला. "जबाबदार कोण?" त्याने वही उघडून विचारलं.

"ज्याच्या हातात किल्ली, तो," आजोबा म्हणाले.

"आत्ता कोणाच्या हातात आहे?"

"आत्ता म्हणजे कधी?"

साहेबाने वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. बोटीत बसताना त्याच्यापाशी ती वही तेवढी उरली होती. त्याचे बूट दोन भावांनी एकेक वाटून घेतले होते.

आणि मग एका सोमवारी, ऊन डोक्यावर असताना, बेनावाच्या झोपडीतून सुईण ओरडली, "पाणी संपलं! पोरगी अडलीये, पाणी आणा कुणीतरी!"

आकोइया उठली. हातातलं विणकाम तिथेच पडलं. ती तिओनेकडे धावली. "कालच गेली." सासूकडे. "माझ्या भावाने नेली." भावाकडे. "काल होती बघ." माडी उतरवणारा वरून ओरडला, "अगं आकोइया, तुझ्या नणंदेकडेच आहे की! सकाळी मागून नेली. बाळंतिणीचं दार म्हणून कुणी पुन्हा मागायला गेलं नाही."

एकोणीस वर्षांत ती दहा माडांची वाट आकोइया चालली नव्हती. आता पळाली.

बेनावा झोपायच्या मचाणाच्या कडेला बसली होती. तिचा एक हात चटईच्या पडद्याआड गेलेला होता, आणि आतून तेबोराने तो असा आवळला होता की मनगट पांढरं पडलं होतं. दुसऱ्या हातात किल्ली होती.

"सकाळीच आणून ठेवली होती, वहिनी," बेनावा म्हणाली. तिचा आवाज अजून तसाच गोड होता, जास्त दमलेला. "वाटलं, घागरभर आणून ठेवावं. तेवढ्यात हिने हात धरला, तो सोडतच नाही. लवकर माग."

आकोइयाने हात पुढे केला.

"तशी नाही देता येत गं. ठराव आहे. माग ना! माझ्याकडे कधी काही मागितलं नाहीस तू. चिमूटभर मीठ नाही. मला काय कळत नाही?"

आत तेबोरा कण्हली. "मामी आली का?"

आकोइयाचे ओठ हलले. गंजलेलं कुलूप उघडावं तसा आवाज आला.

"वन्सं, माझं एक मागणं आहे. किल्ली द्या."

किल्ली तिच्या तळहातावर पडली, घामाने ओली, गरम. वाट मोकळी होती. लोक दुतर्फा उभे होते, कुणाचं तोंड उघडत नव्हतं. आकोइया दोन पावलं गेली आणि थांबली. मग मागे वळली.

"आणि वन्सं, एकोणीस वर्षांमागे तुमचंही एक मागणं होतं. त्याचं उत्तर माझ्याकडे राहिलंय."

बेनावाने मान खाली घातली.

"नाही," आकोइया म्हणाली. "मला ती द्यायची नव्हती."