मांदेलीच्या कंबरेचा दिवा

मित्रांनो, लाल दिवा म्हटलं की तुम्हाला मंत्र्याची गाडी आठवत असेल. मी त्या घराण्यातला नाही. मी एक जुना, मुठीत मावणारा, मांजरीच्या कंबरेवर धरायचा दिवा आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते सांगता येत नाही, कारण त्या वेळी मी बंद होतो. पहिल्यांदा पेटलो तो वेसाव्याच्या कोळीवाड्यात, मासे विकणाऱ्या नलिनीताईंच्या घरी. आणि पेटल्याबरोबर पहिली गोष्ट दिसली ती दाराआड खिळ्याला टांगलेलं गोणपाट.

त्या गोणपाटाला इतिहास होता. माशांच्या घरात चोरटं मांजर परवडत नाही. आधीचे दोन बोके पाटीत तोंड घालताना सापडले, तेव्हा नलिनीताईंनी त्यांना याच गोणपाटात घालून आरे कॉलनीत सोडलं होतं. आरे ही दुधाची वसाहत असं ऐकून मला वाटलं, बोक्यांचं नशीब फळफळलं. तिथे बिबटेही राहतात हे मागाहून कळलं. दोघांपैकी एकही बोका तक्रार घेऊन परत आला नव्हता.

मांदेली ही मांजर मात्र घरात टिकली होती. नावाच्या मासळीसारखीच पिवळी, चकचकीत, बारा वर्षांची. तरुणपणी तिनेही हात मारले होते आणि तिला शेवटची ताकीद मिळाली होती. पण गेली दोन वर्षं तिने पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. शेजारच्या सुलक्षणाताई दारात आल्या की म्हणायच्या, "नलिनी, तुजी मांजर माळकरी झाली गो!"

"घरचे संस्कार हायत," नलिनीताई म्हणायच्या.

अंधेरीत ऑफिसात जाणारी त्यांची मुलगी पूर्वी हिला मात्र त्या संस्कारांचा संशय आला. मांदेली स्टुलाखाली यायची, वर बघायची, मागचे पाय जमवायची आणि मान खाली घालून परत जायची. पूर्वी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "मांजर दुखलं तर ओरडत नाही. उडी मारायचं सोडून देतं. हिच्या कंबरेत संधिवात आहे." त्यांनी गोळ्या दिल्या आणि दुखऱ्या सांध्याला लाल उजेडाचा शेक देणारा माझ्यासारखा दिवा घरी कसा वापरायचा ते दाखवलं.

"मांजराला लाईट?" नलिनीताई म्हणाल्या. "उद्या कोंबडीला फेशियल कर."

अशी माझी नोकरी सुरू झाली. संध्याकाळी सहा वाजता, दोन्ही बाजूंना दहा-दहा मिनिटं. प्राण्याच्या डोळ्यांवर प्रकाश टाकू नये, असं माझ्या पेटीतल्या कागदावर लिहिलं होतं. माणसांच्या डोळ्यांबद्दल कागद गप्प होता.

माझ्या उजेडात आणखी एक गिऱ्हाईक यायचं. काशीरामबाबा, म्हणजे नलिनीताईंचे सासरे, पूर्वीचे आजोबा. एके काळी बंदरावर त्यांचा आवाज होडीच्या इंजिनावर चढायचा म्हणे. वर्षभर ते दारातल्या खुर्चीतून उठले नव्हते. घरात त्याचंही कौतुक होतं. "बाबा आता कोणाच्या अध्यात ना मध्यात." मांदेलीला मांडीवर घेण्याच्या निमित्ताने बाबा आपला उजवा गुडघा हळूच माझ्यासमोर सरकवायचे. पूर्वी बघायची आणि मला जरा तिरका धरायची.

आठव्या दिवशी मांदेली पाटावर चढली. बाराव्या दिवशी स्टुलावर. सोळाव्या दिवशी ओट्यावर.

"आई, बघ ना, ओट्यावर चढली!" पूर्वीने टाळी वाजवली.

नलिनीताईंनी मांजराकडे पाहिलं नाही. त्यांनी खिळ्याकडे पाहिलं. पूर्वीची दुसरी टाळी अर्ध्यातच राहिली.

मित्रांनो, भरतीचं पाणी पायरी पायरी चढतं ना, तसं ते होतं. ओट्याच्या वर खिडकी होती आणि खिडकीला लागून माशांची फळी. मी रोज सहा वाजता इमानदारीने पेटत होतो, आणि रोज त्या फळीचं अंतर कमी करत होतो. विझावंसं वाटायचं, पण माझं बटण माझ्या हातात नाही.

"आई, पाटीवर जाळी घाल ना," पूर्वी म्हणाली. घातली. पण जाळ्यातून मासा काढणं हे त्या घरात सगळ्यांनाच येत होतं.

त्याच आठवड्यात काशीरामबाबा काठी न घेता बंदरावर गेले आणि होडी बांधण्याच्या जागेवरून तिघांशी भांडून आले. चेहरा असा, जणू लग्नाला जाऊन आले. नलिनीताईंनी कपाळाला हात लावला. "म्हातारपणी काय अवदसा आठवली यांना!"

रविवारी सुलक्षणाताईंच्या मुलीची हळद होती. तिच्यासाठी निवडलेली सहा मोठी पापलेटं फळीवर होती. दुपारी नलिनीताई बर्फ आणायला वळल्या, आणि मांदेली ओट्यावरून खिडकीत, खिडकीतून फळीवर गेली. काय उडी होती, मित्रांनो! मला अभिमान वाटला. तो अर्धं मिनिट टिकला.

गोणपाट खिळ्यावरून निघालं.

"आई, थांब! ती बरी झाली म्हणून चढली गं!"

"बरी नाय, बिघडली! उष्टा मासा हळदीला गेला तर माझं नाव काय राहील वाड्यात? कोळणीकडे नावाशिवाय असतं काय?" नलिनीताई गोणपाटाचं तोंड आवळत होत्या. मांदेली गोणपाटात गेली होती आणि गोणपाट हलत होतं. "तूच बोल आता. दिवा ठेवतेस की मांजर?"

"सुने, जनावर हाय ते..." बाबा म्हणाले.

"तुमी बसा, बाबा. तुमचं बंदरावरचं अजून निस्तरतेय मी."

बाबा बसले.

पूर्वीने गोणपाटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझी वायर काढली, नीट गुंडाळली आणि मला कपाटावर ठेवून दिलं. नलिनीताईंनी गोणपाटाचं तोंड सोडलं.

त्याला वर्ष झालं. गोळ्या चालू आहेत, पण नुसत्या गोळ्यांवर मांदेली फार तर पाटापर्यंत पोहोचते. वाड्यात तिचं पुन्हा कौतुक आहे. बाबा पुन्हा कोणाच्या अध्यात नाहीत, मध्यातही नाहीत. सहा वाजले की दोघं कपाटाखाली येऊन बसतात आणि वर बघतात. नलिनीताई म्हणतात, "दोघांचं किती जमतं बघा हल्ली!" गोणपाट खिळ्यावर आहे. मी धुळीत.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाही तरी चालेल. पण घरातलं कोणी एकाएकी गुणी झालं, तर कौतुक करण्याआधी एकदा त्याची कंबर चाचपून बघा. गुडघे बघा. कुठे दुखतंय ते विचारा.

परवा सुलक्षणाताई दारात उभ्या होत्या. "नलिनी, तुजी पूर्वी हल्ली काय बोलत नाय ती?"

"शहाणी झाली गो," नलिनीताई म्हणाल्या. "एका शब्दाने उलटून बोलत नाय."