कालज्जांची तेलकट फळी

गुळेदगुड्डच्या कापडबाजारात त्या सकाळी मागांची खटखट बंद होती, कारण कालज्ज आले होते. आमच्याकडे काल म्हणजे पाय, अज्ज म्हणजे आजोबा, आणि हे अज्ज आखूड पाय ओढून लांब करत. निंबाखालच्या तेलकट फळीवर माणसाला बसवायचं, पाय समोर पसरायला लावायचे, आखूड पायाची टाच धरायची आणि ‘ये बाळा, ये’ म्हणत ओढायचं. की झाल्या दोन्ही टाचा एका रेषेत! बऱ्या झालेल्याने कुबड्या झाडाला टांगायच्या, हा रिवाजही अज्जांनीच पाडलेला. झाड कुबड्यांनी असं लगडलं होतं, की निंबोळ्यांना जागा उरली नव्हती.

संगप्पा विणकर आपल्या दहा वर्षांच्या दानम्माला घेऊन रांगेत उभा होता. पोरीच्या खुब्यातला हाडाचा गोळा रक्त कमी पोचल्याने मऊ पडला होता. बागलकोटच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की हाड भरून येईल पण वेळ घेईल. तोवर कुबड्या सोडल्या, उड्या मारल्या, तर गोळा चेपेल आणि लंगडणं जन्माचं मागे लागेल. हे ऐकून ऐकून संगप्पा विटला होता. उद्या नागपंचमी. साऱ्या मुली झोक्यावर उभ्या राहून चढाओढ करणार आणि आपली पोर ओट्यावर बसून तंबिटाचे लाडू खाणार. बापाचं काळीज ते, तुटणारच. झोका तर दानम्मालाही हवा होता.

तिचा नंबर लागला. अज्जांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले, टाच ओढली. टाचा खरंच जुळल्या.

“गेला ग्रह,” अज्ज म्हणाले. “उद्या झोका, आणि चार वर्षांनी जावई शोध.”

लोक हसले. संगप्पा रडत रडत झाडावर चढून कुबड्या टांगून आला. दानम्मा हरखून उठली, पायावर भार दिला, आणि खुब्यातून गुडघ्यात उतरणारी तीच जुनी कळ आली. तिने फळी घट्ट धरली. तिला डॉक्टरीणबाई आठवल्या. त्या टाचांकडे नंतर बघत. आधी कमरेच्या दोन्ही हाडांवर अंगठे ठेवून कंबर सरळ करत.

“अप्पा, इकडे ये. आधी तू इथं बस.”

“बापाचा पाय कुठं आखूड आहे, पोरी?” अज्ज म्हणाले.

“म्हणूनच.”

गर्दीला गंमत वाटली. संगप्पा ओशाळून बसला. दानम्माने त्याची डावी टाच धरली, ‘ये बाळा, ये’ म्हणत हळूच ओढली, आणि चांगला धडधाकट पाय बोटभर पुढे आला. पाठीमागे कुणीतरी फिसकन हसलं.

“तू खण कसा मोजतोस, अप्पा? आधी इकडचे काठ जुळवतोस, मग तिकडचे बघतोस. अज्जांनी तिकडचेच दाखवले. कमरेला हात लावून बघ.”

संगप्पाने चाचपलं. तेलकट फळीवर कमरेची डावी बाजू पुढे सरकली होती. पाय वाढला नव्हता, बूड घसरलं होतं. गिऱ्हाइकाला वीतभर कापडही असं मोजून न देणारा माणूस, लाजेने पाणी पाणी झाला.

अज्ज कडाडले, की अविश्वासाने वाढलेला पाय पुन्हा आखडतो. तेव्हा रांगेतले म्हातारे रुद्रय्या शांतपणे म्हणाले, “मग संगप्पाचा कशानं वाढला, अज्ज? त्याच्यात तर विश्वास ठासून भरलाय.” अज्जांना एकाएकी दुसऱ्या गावचे भक्त आठवले आणि ते चालते झाले.

संगप्पा कुबड्या काढायला पुन्हा झाडावर चढला. मुलीच्या कुबड्यांशेजारी त्याला एक अगदी छोटी कुबडी दिसली. ही कुणाची, त्याने विचारलं. मग कडेवर लेकरू घेतलेली एक बाई पुढे आली.

“आमची. टांगल्यापासून रोज रडतंय. आम्हाला वाटलं, भक्ती आमचीच कमी पडली.”

हेच मला सगळ्यात जास्त लागतं. फसवणारा निघून जातो आणि फसलेला स्वतःलाच दोष देत बसतो. देव ज्याने त्याने आपापला मानावा, पण पाय मोजायचा तर दोन्ही टोकांनी मोजावा, आणि दुखतंय म्हणणाऱ्या लेकराचं आधी ऐकावं.

“सगळ्याच काढ, अप्पा,” खालून दानम्मा म्हणाली. “आणि उद्या मी झोक्यावर बसेन, उभी नाही राहणार. डॉक्टरीणबाईंनी तेवढं चालेल म्हटलंय. तू हळू ढकल.”