लाल गाडीत एक गुडघा जास्त

लंब्याला गाडीत बसवायचं म्हणजे घडीची शिडी सुटकेसमध्ये कोंबायची, असं त्याची ताई म्हणायची. आणि तेही साध्या, चारचौघांसारख्या गाडीबद्दल. त्या सकाळी त्याला बसायचं होतं ते एका जुन्या, लाल, दोनच सीटच्या इटालियन स्पोर्ट्स कारमध्ये, जिचा टप त्याच्या छातीलासुद्धा पोचत नव्हता. नुसतं बसून भागणार नव्हतं. चालवायची होती. चालवता आली तर ती त्याची होणार होती, नाहीतर नाही. सरळ हिशेब.

लंब्या म्हणजे भिंतीतली कपाटं करणारा सुतार. गिऱ्हाइकाच्या घरात शिरताना आधी मान आत जायची, मग माणूस. माळ्याचे कप्पे तो शिडीशिवाय बसवायचा, आणि गावातल्या निम्म्या दारांच्या चौकटींनी त्याच्या कपाळावर आपापली सही करून ठेवली होती. शाळेत असताना त्यानं अशीच एक लाल गाडी रस्त्याकडेला उभी पाहिली होती. काचेला नाक लावून आत बघितलं, मालकानं हाकललं, आणि प्रेमप्रकरण तिथंच आटोपलं. पुढं पोरगा ताडामाडासारखा वाढत गेला. गाडी मात्र होती तेवढीच राहिली, हाच काय तो घोटाळा.

मालकीणबाई होत्या दातांच्या डॉक्टर. दवाखाना बंद केलेला, पण घराच्या पुढच्या खोलीत ती मोठी खुर्ची अजून तशीच होती आणि सगळ्या अंगणाला लवंगेच्या तेलाचा वास होता. इतकी वर्षं त्या याच गाडीनं दवाखान्याचं सामान आणायला जायच्या. आता गुडघा कुरकुरायला लागला, बसलं की उठता येईना, म्हणून विकायला काढली होती.

"पण शोभेला ठेवणाऱ्याला नाही देणार," त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. "माझ्या डोळ्यांदेखत कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि परत आणायची. जो आणेल त्याच्या हातात किल्ली."

त्या भेटीत गाडी ठोकळ्यांवर उभी होती, चारही चाकं नवे टायर बसवायला गेलेली. बसून बघायची सोय नव्हती. पण लंब्या कच्च्या गुरूचा चेला नव्हता! त्यानं खिशातून टेप काढली आणि उघड्या दारातून आतलं सगळं मापून घेतलं. सीटपासून टपापर्यंत, पाठीपासून पुढच्या फळीपर्यंत, या दारापासून त्या दारापर्यंत. घरी येऊन वर्कशॉपमध्ये त्यानं त्या मापाचा प्लायवुडचा खोका ठोकला, आत गादी टाकली आणि बसला. मावला! केस टपाला लागत होते, पण मावला. मग रोज संध्याकाळी काम संपलं की स्वारी खोक्यात.

एकदा ताई आली ती नेमकी त्याच वेळी. ताई शाळेत खेळाच्या बाई. आवाज असा, की शिट्टी घरी विसरली तरी चालतं.

"अरे लंब्या, लोकांना काय सांगू मी? भाऊ माझा खोक्यात बसून भुर्रर्र करतो म्हणून?"

"ताई, बघ ना, बोटभर जागा शिल्लक राहतेय!"

"बोट चालवणार आहे का गाडी?" ताई म्हणाली. पण बरोबर यायचं कबूल केलं तिनं.

आणि आता तो दिवस उजाडला होता. गाडी चाकांवर उभी, धुतलेली, पुसलेली. परदेशी गाडी, चालवणारा डावीकडं बसायचा. लंब्यानं बूट काढले. आधी उजवा पाय आत, मग बूड, मग दुमडलेली पाठ, मग कासवासारखी मान, आणि शेवटी बाहेर राहिलेला डावा पाय दोन्ही हातांनी उचलून पाहुण्यासारखा आत घेतला. डोकं टपाला टेकलं. टेकलं, म्हणजे मावलं! त्याचा जीव भांड्यात पडला.

"हुश्श," ताई म्हणाली. "आता क्लच दाब."

लंब्यानं डावा पाय उचलला. म्हणजे उचलायला गेला. गुडघा स्टिअरिंगच्या खाली जाऊन असा रुतला की पाय वर येईना आणि खाली जाईना. त्यानं जोर केला. हॉर्न वाजला.

तेव्हा त्याला कळलं. कपाट करताना तो नेहमी रिकाम्या जागेचं माप घ्यायचा. कप्पे, खण, खुंट्या काय, सांगाडा उभा राहिला की मागाहून बसवता येतात. त्या सवयीनं खोका ठोकताना त्यानं स्टिअरिंग हिशेबात धरलंच नव्हतं. पेडलंही धरली नव्हती. इतक्या संध्याकाळी तो मजेत बसला होता तो एका रिकाम्या कपाटात.

"काय झालं?" ताईनं वाकून विचारलं.

"काही नाही. स्टिअरिंग आहे."

"गाडीला स्टिअरिंग असतं रे राजा. मला आधी विचारायचंस, मी सांगितलं असतं."

डॉक्टरबाई काठी टेकत जवळ आल्या. "या गाड्या बनवताना त्यांच्या डोळ्यांपुढं कोण होतं देव जाणे. हात माकडाचे आणि पाय बदकाचे असले की यात माणूस राजा. माझे नेमके तसेच आहेत."

"सीट मागं जाईल का थोडी?"

"गेलीय तितकी गेली. मागं भिंतच आहे."

"मग असं करतो ना," लंब्या घाईघाईनं म्हणाला. मान वाकडी असल्यामुळं तो हे सगळं त्यांच्या काठीला सांगत होता. "मी सुतार आहे. सीट काढतो, पातळ फळी बसवतो, मागचा पत्रा जरासा कापून..."

"हे बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तोंड लहान आहे म्हणून निरोगी दात मी कधी उपटला नाही."

विषय संपला. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणून त्याच वेळी फाटक वाजलं. एक गृहस्थ आत आले. नीटनेटके, गोल टोपी घातलेले, उंचीनं ताईच्याही कानापर्यंतच येणारे. गाडी बघायला आलो म्हणाले. आवाज इतका सौजन्याचा, की त्यांचा राग करायचीही सोय नव्हती.

"बसा बाकावर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एक जण आत आहेत. खुर्चीतला उठल्याशिवाय मी पुढचा कधी बोलावला नाही, आणि आताही बोलावणार नाही."

टोपीवाले बाकावर बसले. बसूनही त्यांचे गुडघे छान नव्वद अंशात होते.

मग ताईच्या अंगात मैदान संचारलं. "लंब्या! गुडघे बाहेर! बेडकासारखे! श्वास सोड! पोट आत!" लंब्यानं डावा गुडघा दारावर दाबला, उजवा गिअरच्या दांड्यावर. क्लच अर्धा दबला, पण आता गिअर पडेना, कारण दांडा गुडघ्याखाली. गुडघा हलवला की हॉर्न. हॉर्न टाळला की वायपर सुरू. रस्त्यानं जाणारी एक बाई थांबून म्हणाली, "आत कोणी अडकलंय का हो?" ताई म्हणाली, "नाही हो, बसलाय!"

कसाबसा पहिला गिअर पडला. त्यानं किल्ली फिरवली आणि इंजिन गुरगुरलं. काय तो आवाज! खोक्यात बसून काढलेल्या आवाजात आणि यात जमीनअस्मानाचं अंतर. लंब्याच्या पाठीतून तो थेट दातांपर्यंत गेला. त्यानं क्लच सोडला आणि गाडी खरोखर, स्वतःच्या चाकांवर, त्याच्या हाताखाली पुढं सरकली.

"चालली! चालली!" ताई नाचली.

चालली, पण वळायला लागली. क्लच सोडताना गुडघ्यानं स्टिअरिंग उजवीकडं ढकललं होतं, आणि उजवीकडं कुंड्या होत्या. लंब्यानं ब्रेककडं पाय न्यायला घेतला. पाय गेला नाही. त्याचाच पाय, जन्मापासून त्याच्याबरोबर राहिलेला, समोर पेडल दिसत असताना तिथं लाकडासारखा पडून राहिला. बोंबलायलाही सुचलं नाही त्याला. गाडीला गचके बसले, आणि पहिल्या कुंडीच्या वीतभर अलीकडं ती आपणहून बंद पडली.

वायपर मात्र चालू होते, कोरड्या काचेवर कुईं कुईं करत.

"कोपरा अजून लांब आहे," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. उलट त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि तेच लंब्याला जास्त लागलं.

"अजून एकदा बघतो," तो म्हणाला.

पण बघितलं नाही. वायपर बंद केले आणि नुसता बसून राहिला. खुर्चीतला उठल्याशिवाय पुढचा आत येत नाही, हे त्याच्या डोक्यात आता पक्कं बसलं होतं. म्हणजे तो बसलाय तोवर गाडी त्याची. चालत नाही तर नाही! त्यानं खिडकीच्या काचेची खुंटी फिरवून बघितली, समोरच्या फळीतल्या घड्याळावरून बोट फिरवलं. चामड्याच्या सीटला डॉक्टरबाईंच्या पाठीचा आकार होता, तो त्याच्या निम्म्या पाठीतच संपत होता. मानेत कळ निघाली. डाव्या पायाला मुंग्या आल्या, मग तो पाय आहे की नाही तेच कळेनासं झालं.

"घाई नाही हं," बाकावरून टोपीवाले म्हणाले. "आरामात होऊ द्या."

ताई गाडीशेजारी उकिडवी बसली. आता दोघांची तोंडं समोरासमोर आली. तिनं मैदानाचा आवाज खिशात घातला होता.

"उठतोस?"

"ताई, पाय माझेच ना गं?"

"आईनं तरी तसंच सांगितलं होतं."

"मग माझं ऐकत का नाहीत?"

ताईला एखादा टोला सुचला असणार, तिला नेहमी सुचतो. पण तिनं नुसता दारावरचा त्याचा हात थोपटला. "दुसरी बघू. मोठी, ऐसपैस."

"मला मोठी नकोय."

"माहितेय रे."

"अजून जरा बसतो."

"बस." आणि ती उठून गाडी आणि बाक यांच्या मधोमध पाठ करून उभी राहिली, जणू टोपीवाले झडपच घालणार होते.

पण माणूस बसून बसून किती बसणार? शेवटी मानेनंच निकाल दिला. लंब्यानं दार उघडलं, डावा पाय उचलून बाहेर ठेवला, डोकं काढलं, आणि बाकीचा माणूस ताईनं ओढून काढला. तो उभा राहायला गेला आणि पायच नसल्यासारखा फरशीवर बसला. दोन्ही पाय बधिर.

"लागलं का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही. झालं माझं. त्यांना बोलवा."

टोपीवाले आले. जाता जाता त्यांनी लंब्याला टोपी काढून नमस्कार केला, आणि लोण्यात सुरी जावी तसे आत शिरले. टोपी परत घातली तरी वर हातभर जागा. क्लच, गिअर, एकाच दमात. गाडी सरळ मागं आली, वळली आणि फाटकातून रस्त्यावर गेली.

लंब्या कुंड्यांशेजारी बसून होता. कुंपणाच्या भिंतीमुळं त्याला रस्ता दिसत नव्हता. त्यानं हात टेकून उठायचा प्रयत्न केला. पाय ढिम्म.

"कुठं पोचली?"

"कोपऱ्यावर," ताई फाटकात टाचा उंचावून म्हणाली.

"इंडिकेटर दिला का?"

"दिला."

"कुठला?"

ताईनं मागं वळून भावाकडं बघितलं. "बरोबर दिला रे बाबा."

आवाज आधी बारीक झाला, मग पुन्हा मोठा होऊ लागला. गाडी परत येत होती.

"ताई, मला उभं कर. ती आत यायच्या आत उभं कर."

ताई धावत आली. काखेत हात घालून, पाय रोवून, पटांगणावरचे सगळे शब्द वापरून तिनं त्याला उचललं. तिच्या डोक्यावर हनुवटी टेकून, थरथरत, तो एकदाचा ताठ झाला, तेव्हा गाडी फाटकातून आत येऊन त्याच्या पायाशी थांबली होती. एवढ्या उंचीवरून त्याला नुसता लाल टप दिसला.